चपट्या नाकाचं कुत्रं

आमच्या गोठ्यात आता लोकांची कुत्री ऱ्हात्यात. लोक गावाला जात्यात, लग्नाला जात्यात, परदेशी पोराकडं जात्यात, तवा माझ्याकडं ठिवत्यात. आले की घिऊन जात्यात. सात-आठ वर्सं झाली ह्याला. त्याच्या आधी गोठा रिकामाच व्हता. शेवटची म्हैस इकली त्यावर लई दिवस तिथं सरपन आन् मोडक्या खुर्च्या पडल्या व्हत्या.

धायरीत आमचं रान व्हतं. दिरांनी इकायचं ठरवलं, मालकांनी सही केली. मला कुनी इचारलं न्हाई आन् मी इचारलं न्हाई. पैसा आला तसा गेला, कशात गेला ते मालकांना ठाऊक, आन् मालकबी गेले. रानात बिल्डिंगी झाल्या. हीर बुजवली तिथं आता त्या लोकांच्या गाड्या लागत्यात. त्याच बिल्डिंगीत मी धा वर्सं भांडी घासली. लोक म्हनायचे, मावशी, तुम्हाला वाईट वाटत आसंल. भांडी घासताना भांडीच दिसत्यात. दुसरं काय दिसनार.

त्यातल्याच एका घरी कुत्रं व्हतं. ते लोक लग्नाला गेले तवा त्येला एका ठिकानी पिंजऱ्यात ठिवलं व्हतं, तर परत आलं ते मानंला जखम घिऊन. पुढच्या येळी बाई मला म्हनल्या, मावशी, चार दिवस ठेवता का तुमच्याकडं. मी म्हनलं ठेवते. जनावर ठेवायला मला शिकावं लागत न्हाई. ते कुत्रं माझ्याकडं भाकरी-दूध खाऊन चांगलं ऱ्हायलं. मंग त्या बाईनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं फोनवर टाकलं, आन् लोक यायला लागले. फोनचं सगळं माझी सून बघती. ती मेडिकलच्या दुकानात कामाला जाती. पोरगा हिंजवडीला कंपनीची बस चालवतो, तो पहाटं जातो आन् दिवे लागल्यावर येतो. दिवसाची कुत्र्यांना मीच.

गोठ्याची भुई मी शेनानं सारवलेलीच ठिवली. पोरगा म्हनत व्हता फरशी टाकू. मी न्हाई म्हनलं. फरशीवर कुत्र्याचे पाय घसरत्यात, आन् उन्हाळ्यात सारवलेल्या भुईवर पोट टेकून जनावर गप पडतं. भिंती दगडाच्या हायेत. वर पत्रा हाय, एवढंच वाईट. खिडकी एक.

एक ताई आली तवा मे महिना निम्मा झाला व्हता. आईतवार व्हता, म्हनून सून घरी व्हती. ताई एकलीच राहायची, कंपनीत कामाला. तिची आई बेळगावला आजारी व्हती, दवाखान्यात ठिवली व्हती, आन् तिला जायचं व्हतं. तिच्याजवळ एक कुत्रं व्हतं, बुटकं, पिवळट, तोंड काळं आन् नाक आत दाबल्यावानी. श्वास घेताना घुरघुर वाजायचं. मी म्हनलं, सर्दी झालीया का. ती हसली. म्हनली, न्हाई आजी, ह्यांचं असंच असतं, पग म्हनत्यात ह्याला.

तिनं तीन जागा आधी बघितल्या व्हत्या. एका ठिकानी एसी व्हता पन पिंजरे व्हते, एकावर एक, आन् सगळी कुत्री एकदम भुकत व्हती. एका ठिकानी फ्लॅटच्या एका हॉलमधी आठ कुत्री. तिसऱ्या ठिकानी तिला आत जाऊच दिलं न्हाई, दारातनंच म्हनले ठिवा आन् जा. मला हे ऐकून बरं वाटलं. पोरगी द्यायची तर मानूस घर आतून बघतो, मोरी बघतो, पान्याचा माठ बघतो. तिनं तसंच बघितलं. भुईला हात लावला. पान्याच्या घमेल्यात बोट बुडवलं. फोनमधी लिहून आनलेलं एकेक इचारायला लागली.

"फिरायला किती वेळा नेता?"

"दोनदा. तिसऱ्यांदा मागितलं तर तिसऱ्यांदा."

"मागितलं म्हणजे?"

"दाराशी जाऊन उभं ऱ्हातं की. तुमचं सांगत न्हाई का?"

ती परत हसली. मंग तिनं लशीचं पुस्तक दिलं, डॉक्टर कुठला ते इचारलं. मी फाट्यावरच्या डॉक्टरबाई सांगितल्या. मंग तिनं इचारलं, "आणि लाईट गेली तर? हा उष्मा सहन नाही करत."

माझी सून मागं उभी व्हती. ती हळूच म्हनली, "इन्व्हर्टर घ्या म्हणून मी दोन वर्षं सांगतेय. कुत्र्यांसाठी तरी घ्या, माझ्यासाठी नका घेऊ."

मी ताईला म्हनलं, लाईट गेली तर पोतं वलं करून अंगावर टाकायचं. आमी बैलांना टाकायचो, कोंबड्यांच्या डालीवर टाकायचो. घटकाभरात जनावर गार पडतं. तुमच्या एसीला असं जमत न्हाई.

हे तिला लई आवडलं. तिच्या तोंडावर दिसलं. म्हनली, असंच पाहिजे मला, साधं. एसीतनं बाहेर आला की त्याला त्रासच होतो. मंग त्याच्या डोक्यावर हात फिरवत म्हनली, "घरात मी आणि हा, दोघंच असतो आजी. नीट सांभाळा." मी म्हनलं सांभाळते. त्येचं नाव तिनं सांगितलं पन ते इंग्रजी व्हतं, माझ्या जिभंला वळलं न्हाई. मी बाळ म्हनायची.

बेस्तरवारी ती त्येला सोडून बेळगावला गेली. पहिल्या दिवशी ते दाराशी बसून ऱ्हायलं. दुसऱ्या दिवशी खायला लागलं. गरीब व्हतं. दुसरी दोन कुत्री व्हती गोठ्यात, एक मोठं तांबडं आन् एक गावठी, ती त्याच्या वाट्यातलं खायची, तर हे बाजूला सरकून बघत बसायचं. मंग मी त्याला येगळं घालायला लागले.

त्या आठवड्यात वळीव नुसता हुलकावन्या देत व्हता. रोज ढग यायचे, वारा पडायचा, अंग चिकचिक व्हायचं आन् पाऊस न्हाई. धुनं दोरीवर घातलं तर सांजंपतुर वलंच. सोमवारी दुपारी लाईट गेली. सून दुकानात, पोरगा बसवर. मी एकलीच. गोठ्यातला पंखा थांबला तशी तिन्ही कुत्री जिभा काढून धापा टाकायला लागली. चपट्या नाकाचं तर लई वाजायला लागलं.

मी सांगितलं व्हतं तसं केलं. तीन पोती हौदात बुडवली, पिळली न्हाईत, तशीच तिघांच्या अंगावर टाकली. खिडकीतनं झळ येती म्हनून तिथंबी एक वलं पोतं लावलं. तांबडं आन् गावठी, दोघांनी अंग झाडून पोती टाकली आन् मोरीत जाऊन वल्या दगडावर पडली. मी त्यांना श्या दिल्या. हे बाळ मातर घातलं तसं घिऊन पडलं. मी त्याच्यापाशी बसले. पोतं कोमट झालं तसं वरनं आनखी पानी शिंपडलं. थोड्या येळानं त्याचं घुरघुरनं कमी झालं. मंग आनखी कमी झालं. मला वाटलं, आराम पडला. मी त्याला म्हनलं, नीज आता. आन् मी उठून घरात गेले, ज्वारी निवडायला घेतली. सूप अर्धं झालं आसंल.

परत येऊन पोतं उचललं तर आतून वाफ आली. भाताच्या पातेल्यावरचं झाकान काढल्यावर येती तशी. त्याची जीभ काळीनिळी व्हती आन् डोळे उघडे. श्वास व्हता, पन कसा, लांब लांब. मी त्येला पदरात घितलं आन् रस्त्यावर आले. रिक्षावाला म्हनला, आजी, कुत्रं असंल तर ज्यादा व्हईल. मी म्हनलं चल.

डॉक्टरबाईंनी त्येला टेबलावर घिऊन पानी वतलं, पंखा लावला, सुई लावली. मी भिंतीला टेकून उभी ऱ्हायले. घड्याळात बघता येतं मला, पन बघितलं न्हाई. मंग त्यांनी हातातले रबरी मोजे काढले. म्हनल्या, गेला.

त्यांनी इचारलं काय काय केलं. मी सांगितलं. त्या रागावल्या न्हाईत. तरनी बाई हाय, माझ्या नातीएवढी. म्हनल्या, "आजी, हवा कोरडी असती तर पोतं चाललं असतं. आज हवेतच पाणी आहे, पोतं सुकत नाही, आतला उष्मा आतच राहतो. नुसतं पाणी ओतून वाऱ्याला ठेवायचं होतं. कदाचित वाचला असता."

मी म्हनलं, बैल वाचायचे. त्या म्हनल्या, बैलांना घाम येतो, कुत्र्याला येत नाही. सत्तर वर्सं झाली माझ्या वयाला, कुत्री आमच्या दारात कायम व्हती, आन् कुत्र्याला घाम येत न्हाई हे मला म्हाईत न्हवतं. कधी बघितलंच न्हाई तसं.

सून घरी आल्यावर मी तिला म्हनलं, ताईला फोन लाव. तिनं सगळं ऐकून घितलं आन् बसली. तिला वाईट वाटलं व्हतं, तिनंबी त्याला दूध घातलं व्हतं. पन ती म्हनली, "आई, उष्म्यानं गेलं एवढंच सांगा. खोटं थोडंच आहे ते?"

"खोटं न्हाई."

"मग पोत्याचं काय काढता? एकदा ग्रुपवर गेलं की संपलं. कोण ठेवेल आपल्याकडं? पोरांच्या शाळेच्या फिया ह्यावर चालल्यात."

तिचं चूक न्हवतं. फोनवर मी ताईला एवढंच सांगितलं, तुमचं कुत्रं मेलं दुपारी, उष्मा लागला, डॉक्टरबाईंकडं नेलं व्हतं. तिच्या मागं दवाखान्यातलं कायतरी टूं टूं वाजत व्हतं. मंग म्हनली, मी येईपर्यंत ठेवाल का त्याला. डॉक्टरबाईंनी त्येला बर्फात ठिवलं.

रातभर मी जागी व्हते असं न्हाई. झोप लागली. सकाळी उठून मी गोठा झाडला. रडू आलं न्हाई. काय वाटत व्हतं ते इचाराल तर काय वाटत न्हवतं. हातपाय काम करत व्हते. एवढंच डोक्यात व्हतं, की ती इचारंल आन् मला सांगावं लागंल.

ती त्याच दिवशी दुपारी आली, बेळगावहून एकली गाडी चालवत. आधी डॉक्टरबाईंकडं जाऊन त्येला घिऊन यायचं तिला जमलं न्हाई, म्हनून सून दुकानात रजा टाकून जाऊन घिऊन आली, चादरीत गुंडाळलेलं. ताई वट्यावर बसली. सुनेनं पानी दिलं. ताईनं प्यालं न्हाई, हातात धरून बसली. मंग तिनं इचारलंच न्हाई. आपनच म्हनली, "डॉक्टरांशी फोनवर बोलले मी. म्हणाल्या उष्माघात, या नाकाच्या कुत्र्यांना होतो. तुम्ही तरी काय करणार, आजी."

डॉक्टरबाईंनी तिला पोत्याचं सांगितलं न्हवतं. का, ते मी त्यांना कधी इचारलं न्हाई. सून माझ्याकडं बघत व्हती. मी गप बसले असते तर झालं असतं.

मी म्हनलं, "ताई, लाईट गेली तवा मी वलं पोतं त्याच्यावर टाकलं. त्यानं वाफ धरली. नुसतं पानी वतून वाऱ्याला ठिवलं असतं तर कदाचित वाचलं असतं, डॉक्टरबाई म्हनल्या."

सून उठून आत गेली.

ताई गेलासातल्या पान्याकडं बघत व्हती. म्हनली, "पोत्याचं तुम्ही मला आधीच सांगितलं होतं. मला आवडलं ते. म्हणूनच इथं ठेवलं."

"व्हय."

"एसीवाल्याकडं जागा होती."

"व्हय."

मंग म्हनली, "त्यानं मला शोधलं का?"

तिला बरं वाटंल असं कायतरी असायला पायजे व्हतं. मी खरंच सांगितलं. "पहिल्या दिवशी दाराशी बसून ऱ्हायलं. मंग न्हाई."

तिनं मान हलवली. गेलास खाली ठिवला. मी म्हनलं, मागं आमची दोन गुंठं हायेत, म्हशीचं मेलेलं रेडकू पुरलंय तिथं, तिथं पुरू. ती न्हाई म्हनली. तिला आपलं आपन न्यायचं व्हतं. पन चादर उचलायला गेली आन् तिचे हात मागं आले. दोनदा असं झालं. मंग मी उचललं. बर्फानं ते दगडावानी झालं व्हतं, आन् जिवंतपनी व्हतं त्याच्यापेक्षा जड. गाडीच्या मागच्या शिटावर ठिवलं. चादर नीट केली.

ती गाडीत बसली, गाडी चालू केली, पन हालली न्हाई. काचा बंद. आत एसी चालू व्हता, बाहेर त्याचं पानी ठिपकत व्हतं. मी दारात उभी ऱ्हायले. पानी देऊ का आनखी, इचारावं का, असं मनात आलं, मंग न्हाई इचारलं. बऱ्याच येळानं गाडी गेली.

सून आत भांडी आपटत व्हती. चार-पाच दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. फोनवर कोन काय बोललं ते तिलाच ठाऊक, मी इचारलं न्हाई. मी गोठ्यात गेले. तांबड्याची आन् गावठीची खायची येळ झाली व्हती.