आखूड शेपटीची वाम

संग्रहालयातल्या बाईंना मासे तेवढे ओळखता येतात, माणसं नाहीत, असं त्यांचे सहकारी म्हणत. बोलूनचालून सहकारीच ते.

एक माणूस मात्र बाईंना पक्कं ठाऊक होतं, थोरली बहीण. आई गेल्यावर ताईने शाळा सोडली, धुलाईच्या दुकानात परक्यांच्या चादरींना इस्त्री करत हाडाची काडं केली आणि धाकटीला शिकवलं. धाकटी शिकली, मोठी झाली, आणि मोठ्या माणसांना वेळ नसतो, तसा तिलाही राहिला नाही.

मग खोल समुद्रातल्या जाळ्यात एक वाम आली. बटबटीत डोळे, अंगावर खवला औषधालाही नाही, पाठीचा पर कल्ल्यामागूनच निघालेला, त्याची कडा काळी. हे सगळं ओळखीचं; पण शेपटी आखूड, आणि क्ष-किरणात मणकेही नेहमीपेक्षा बरेच कमी. बाईंनी नवी जात जाहीर केली आणि तिला ताईचं नाव दिलं. ताईने फोटो चौकटीत घालून दुकानात टांगला. गिऱ्हाइकांना सांगायची, "ही माझी. डोळे बघा, माझेच आहेत."

पुढे बाईंच्याच एका विद्यार्थिनीला तशाच वामा मिळाल्या. सगळं तेच, शेपट्या तेवढ्या लांब. तिने जुनं क्ष-किरण चित्र पुढे ठेवलं. "शेवटचा मणका बोथट आहे, बाई. शेपटी कुणीतरी तोडली होती. जखम भरून वर पुन्हा पर आलाय."

वामेची शेपटी अशी तुटून भरते, हे त्या स्वतःच दरवर्षी शिकवायच्या. जात जुनी, म्हणजे नावही जुनंच चालणार. ताईचं रद्द.

छापून येण्याआधी सांगावं म्हणून त्या दुकानात गेल्या.

"म्हणजे ती आता माझी नाही?" ताईची इस्त्री चालूच होती.

"नाही. चूक माझी. नवी जात मिळाली म्हणून हुरळून गेले, शेपटी नीट बघितलीच नाही."

"मी काही मागितलं नव्हतं तुझ्याकडे. तूच आपणहून दिलंस. इतक्या वर्षांत तेवढं एकच, आणि तेच परत न्यायला वेळ काढलास."

ताईने चादरीची घडी घातली, दुसरी ओढली.

"यापुढे काही आणू नकोस मला," ती म्हणाली. "नुसती ये. येणार असलीस तर."