किन्हीराजाच्या विहिरीतला तांबडा पट्टा

१. वाशिम जिल्ह्यातल्या किन्हीराजा गावी गेले.
२. नव्या विहिरीत उतरून एक दगड काढला.
३. काकूंनी त्याची पूजा केली.
४. दगड पुण्यात माझ्या टेबलावर आहे. शुक्रवारी मोजणीचं मशीन वापरायला मिळणार आहे.

आता नीट सांगते. ऑक्साइडचे दोन थर जिथे चिकटतात ती सीमा आणि तिथले दोष, म्हणजे गायब झालेले ऑक्सिजनचे अणू, शोधणं हे माझं काम. नमुन्यावर क्ष-किरण सोडायचे आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजायची. त्या सीमा डोळ्यांना कधी दिसत नाहीत. सहकारी प्रणिताने तिच्या घरच्या विहिरीचा फोटो दाखवला: वर काळा खडक, मध्ये तांबडा पट्टा, खाली पुन्हा काळा. मी रजा टाकली.

पुण्याहून ट्रॅव्हल्स मिळते. तिकीट काढताना वाशिमचं मालेगाव निवडा, नाशिकचं नव्हे. पुढे एसटी, बायकांना अर्धं तिकीट. उन्हाळ्यात सकाळीच पोहोचा. प्रणिताच्या आईने, काकूंनी, पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता. तिखट आहे, सावध राहा.

"पुण्यात दगड भेटत नाहीत काय?" प्रणिताच्या वडिलांनी, काकांनी, विचारलं.

"भेटतात, पण त्याले पाणी लागत नसन," काकू म्हणाल्या.

विहिरीला अजून म्हणावं तसं पाणी लागलं नव्हतं. लोखंडी शिडीने खाली उतरले आणि पट्ट्यावर तळहात ठेवला. खालचा लाव्हा थिजला, उन्हावाऱ्यात झिजून त्याची माती झाली. मग वरून नवा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली. मधला सगळा काळ माझ्या हाताखाली होता, ओलसर. वरून काकांनी दोनदा हाक मारली.

काळं आणि तांबडं जोडलेला एकच तुकडा अखंड निघाला. त्याच संध्याकाळी तिथल्या भेगेतून पाणी फुटलं. सकाळी पट्टा पाण्याखाली होता.

तुकडा मी ओसरीवर झाकून ठेवला होता. उठून पाहते तर तो धुतलेला, वर हळद-कुंकू, शेजारी फोडलेला नारळ.

"पाणी देल्लं त्यानं पोरी. कोरडाच ठेवू काय?"

इलेक्ट्रॉन सुटतात ते फक्त वरच्या काही अणुथरांतून, हे मी समजावलं. म्हणजे मशीनला आता हळदच दिसणार.

"लई सोवळ्यातली हाये वं तुही मशीन!" काकू म्हणाल्या, आणि दगड स्वतःच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधून मला दिला.

घरी येऊन आठवडा झाला. दगड अजून त्याच फडक्यात आहे. एकच उपाय उरतो: निर्वात कक्षात तो फोडायचा आणि आतला ताजा पृष्ठभाग मोजायचा. तसा दुसरा तुकडा नाही. पण पूजलेला दगड फोडायला माझा हात धजत नाही.

फोनवर विचारलं तर काकू माझं मन राखायला "फोड" म्हणतील. म्हणून इथे लिहिते. प्रणिता वाचून दाखवेल.

काकू, काका, दगड फोडू की विहिरीवर परत आणून ठेवू? दोन्ही चालेल. कृपया गुरुवारपर्यंत कळवा.