सोपं म्हणायचं नाही

आधी बोट वर जायचं. मावशी मान वळवायच्या नाहीत, बोलणाऱ्याकडे बघायच्याही नाहीत. उजव्या हाताचं बोट वर करून एवढंच म्हणायच्या, "भजी तुमची."

म्हणजे बोलण्याच्या भरात कोणीतरी "सोपं आहे" म्हणून गेलेलं असायचं. आमच्या मंडळात हे दोन शब्द बंद होते. जो उच्चारेल, त्यानं पुढच्या बैठकीला सगळ्यांसाठी भजी आणायची. सगळ्यात जास्त भजी मी आणली आहेत, हे इथेच सांगून टाकतो.

मंडळ मुक्त सॉफ्टवेअरचं. कोणीही फुकट वापरावं, उघडून बघावं, हवं तसं बदलावं, असे प्रोग्रॅम आम्ही वापरतो आणि इतरांना शिकवतो. सोलापुरात सात रस्त्याजवळ आमच्यातल्या एकाचा कॉम्प्युटर क्लास आहे. रविवारी तो बंद असतो, तेव्हा महिन्यातून एकदा आम्ही तिथं जमतो. मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर मुलानं दिलेला जुना लॅपटॉप पिशवीत घालून आल्या होत्या. आमच्यातल्या एकानं "सोपं आहे हो मावशी" म्हणत भराभर बटणं दाबली आणि लॅपटॉप परत हातात दिला.

पुढच्या बैठकीत त्या उभ्या राहिल्या. "तुम्ही सोपं म्हणता आणि मला घरी जमत न्हाय. मग वाटतं, मीच ढ हाय. त्यापेक्षा अवघड म्हणा की. अवघड म्हटलं की जमलं नाही तरी लाज वाटत न्हाय, आणि जमलं तर लई बरं वाटतं."

भजीचा दंड त्या दिवशी ठरला आणि वसुलीचं काम त्यांच्याकडेच गेलं.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ज्या घोळक्यात जातील तिथली शिस्त नकळत त्यांच्या हातात येते. नवीन माणूस दारात घुटमळला, की मावशी त्याला पुढच्या खुर्चीत बसवायच्या. स्वतः जे शिकल्या, ते त्यांनी गल्लीतल्या विहारात बायकांना शिकवायला घेतलं. तिथंही भजीचा दंड चालू केला. पण तिथं भजी घरात तळून आणायची असल्यामुळे बायका जपून बोलतात, असं त्या सांगायच्या.

एका थंडीत आम्ही वैरागकडे एका सभासदाच्या शेतात हुरड्याला गेलो होतो. गप्पा रंगल्या होत्या. मावशींनी चटणीसाठी हात पुढे केला आणि तो शेजारच्या माणसाच्या ताकाच्या पेल्यावर आदळला. ताक सांडलं. सगळे हसले, त्याही हसल्या. थोड्या वेळानं मी जवळ बसलो तेव्हा म्हणाल्या, "काचबिंदू हाय. बाजूचं दिसत न्हाय आता. मधलं बी जाईल हळूहळू, असं डॉक्टर म्हणाले."

मुलगा पुण्याला असतो. त्याचं म्हणणं होतं, आता एकटं राहायचं नाही. वीजबिल, बँक, औषधं, सगळं त्या कॉम्प्युटरवर करायच्या. डोळे गेल्यावर ते कोण करणार? मुलाचं चुकत होतं असं मला वाटत नाही. न बघता आईला हे जमेल का, असं त्यानं मला फोन करून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, खात्री देता येणार नाही. खरं तेच बोललो होतो, तरी ते वाक्य अजून टोचतं.

मावशींचं म्हणणं थोडक्यात होतं. "पुण्यात मी पाहुणी. हितं घर माझं हाय."

पडद्यावरचं सगळं मोठ्यानं वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. तोही फुकट, देशोदेशीच्या अनोळखी लोकांनी मिळून केलेला. आम्ही तो त्यांच्या लॅपटॉपवर बसवला. मराठी आवाज असा, की कोणीतरी नाक चिमटीत धरून वाचतंय. तो त्यांना कळावा म्हणून आम्ही त्याचा वेग अगदी कमी ठेवला. माऊस सोडायचा आणि फक्त बटणांवर सगळं करायचं, हे आम्हालाही नवीन होतं. त्या वर्षात कोणी "सोपं आहे" म्हटल्याचं मला आठवत नाही.

काही आकडे तो आवाज गिळायचा. मावशींनी तक्रार केली, ती आम्ही प्रोग्रॅम करणाऱ्यांना कळवली. परदेशातल्या कोणीतरी आभार मानून दुरुस्ती केली. मावशी महिनाभर सगळ्यांना सांगत होत्या, "माझ्या तक्रारीवर काम झालं. खात्यात हुते तेव्हा कदी झालं न्हाय."

घरी सराव करताना त्या पडदा पूर्ण काळा करून ठेवायच्या. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, "थोडं दिसतंय तवर डोळे चोरून बघतात की."

मग एका बैठकीला त्यांनी मुलाला बोलावून घेतलं. तो मागच्या रांगेत बसला. मावशी पुढे, पडदा काळा, आवाज स्पीकरवर. आम्ही सगळे त्या काळ्या पडद्याकडे बघत होतो. वीजबिल भरताना मध्येच त्या कुठंतरी भलतीकडे गेल्या. आवाज तेच ते वाचायला लागला. मी उठलो.

"बसा," त्या म्हणाल्या.

एकेक बटण मागे येत येत त्यांनी वाट शोधली. वेळ बराच गेला. बिल भरलं. मग त्यांनी स्पीकर बंद करून कानाला हेडफोन लावला आणि काहीतरी टाइप केलं. थोड्या वेळानं मुलाचा फोन वाजला. त्यानं मेल उघडून वाचला, पुन्हा वाचला. काय लिहिलं होतं ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो एकटाच पुण्याला गेला.

त्यानंतर मावशी काही वर्षं सोलापुरातच राहिल्या. दिसणं पूर्ण गेलं. रिक्षानं बैठकीला यायच्या आणि रिक्षावाल्यालाही वर बोलवायच्या. गेल्या पावसाळ्यात छातीत दुखायचं निमित्त झालं आणि गेल्या.

मुलगा लॅपटॉप घेऊन मंडळात आला. आतले फोटो काढून घ्यायचे आणि लॅपटॉप विहाराला द्यायचा, असं त्याच्या मनात होतं. मी तो टेबलावर ठेवून सुरू केला. पडदा काळाच राहिला. आवाज मात्र आला, पत्र्याच्या डब्यात ज्वारी ओतावी तसा, इतका भरभर की शब्द सुटा होईना. आम्ही ठेवलेला वेग त्यांनी कधी आणि कुठवर वाढवत नेला होता, कोणाला ठाऊक नव्हतं.

"काय म्हणतंय हे?" मुलानं विचारलं.

आम्ही सातआठजण होतो, सगळे वर्षानुवर्षं याच कामातले. टेबलाभोवती वाकून ऐकत राहिलो. कोणालाही एक शब्द कळला नाही.