डोंगरावरचे गोल गोटे

मोठेबाबा गेल्याची बातमी मला रायपूरच्या वसतिगृहात मिळाली. भिलाईचे शेजारी मेश्रामकाका सकाळच्या पॅसेंजरने आले, दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "चाल बापू, तुले न्याले आलो." मी काय ते समजलो आणि पिशवी उचलली. गाडीत एकच गोष्ट मनात घोळत होती. मला त्यांना काही सांगायचं होतं... ते राहून गेलं. मोठेबाबांना जाऊन आता दीड महिना झाला.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि तो हट्ट त्यांचाच. भिलाईचा कारखाना उभा राहू लागला तेव्हा ते पाया खोदायला आले, पुढे भट्टीवर कायम झाले. पण त्याआधीची काही वर्षं त्यांनी जशपूरकडच्या जंगलात, सोन्याच्या एका खाणीवर काढली होती. खाण म्हटलं की लोकांना बोगदा आठवतो. ही खाण म्हणजे नदीचा काठ. तिथले सोनझरा लोक पिढ्यान्‌पिढ्या लाकडी पाटीत वाळू धुऊन सोन्याचे कण काढत. मग एका कंपनीने यंत्र आणलं, तंबू ठोकले. पाटी कशी फिरवायची ते मोठेबाबा सोनझऱ्यांकडूनच शिकले. हलकी वाळू पाण्याबरोबर जाते, जड काळी रेती मागे राहते, आणि तिच्या कडेला, असलाच तर, एखादा पिवळा कण. एका पुरात यंत्र गाळात रुतलं आणि कंपनीने काम सोडलं. उरलेलं सामान राखायला मोठेबाबा एकटे राहिले. दोन पावसाळे. "माणसाचा आवाज ऐकाले मीच मोठ्यानं बोलत जावो," ते सांगत. "नदी हो म्हणे ना नाही."

त्याच दिवसांत लाकडं तोडायला ते मागच्या डोंगरावर चढले. तिथे, पाण्यापासून खूप उंच, लाल मुरमात त्यांना नदीतल्यासारखे गुळगुळीत गोल गोटे दिसले. मुरूम पोत्यात भरून त्यांनी खाली आणला, धुतला, तर पाटीत कण होते. सामान न्यायला कंपनीचा साहेब आला तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं. साहेब म्हणाला, नदीचं सोनं नदीतच असतं, आणि ट्रकात जाऊन बसला.

पुढे मी भूगर्भशास्त्र घेतलं याचा मोठेबाबांना एवढा आनंद का झाला, हे मला उशिरा कळलं. पहिल्या वर्षातल्या एका रविवारी सेक्टर सहाच्या आमच्या क्वार्टरात भट्टीवरचे सोबती चहाला आले होते. ते त्यांना 'सोनेवाले' म्हणून चिडवत. "मंग का सोनेवाले, नदी डोंगरावर चढली होती का?" मेश्रामकाकांनी विचारलं. मोठेबाबा हसले नाहीत. माझ्याकडे हात करून म्हणाले, "याले विचारा. हा तेच शिकून राहिला. सांग रे, डोंगरावर सोनं राहते का नाही?"

मी नुकताच एक धडा वाचला होता. सोनं जड, म्हणून प्रवाह मंदावतो तिथे नदीच्या तळाशी ते साचतं. "पुस्तकात तसं नाही, मोठेबाबा," मी म्हटलं. सगळे हसले. मोठेबाबांनी बशीतला चहा संपवला. "असन," एवढंच म्हणाले. त्यानंतर माझ्यासमोर त्यांनी कधी सोन्याचं नाव काढलं नाही.

दुसऱ्या वर्षी सरांनी फळ्यावर एक दरी काढली. नदी लाखो वर्षं जमीन कापत खाली जाते, तिचा जुना तळ मात्र वर उतारावरच राहतो, गोट्यांसकट आणि सोन्यासकट. सर पुढच्या मुद्द्यावर गेले. मी वहीत काही लिहू शकलो नाही.

दिवाळीच्या सुट्टीत हेच सांगायला घरी गेलो. मोठेबाबा खोकत होते, माझ्या खानावळीची चौकशी करत होते. दोनदा मी "मोठेबाबा..." म्हटलं, आणि दोनदा त्यांचं "काय रे" ऐकून भलतंच काही विचारलं. लाज वाटली, दुसरं कारण नाही.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्यासाठीच्या आमच्या बौद्ध प्रार्थनेच्या दिवशी तेच सोबती आले होते. बुद्धवंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि सगळ्यांसमोर सांगितलं, की त्या रविवारी मी चुकलो होतो, मोठेबाबांचं खरं होतं.  मेश्रामकाका खाली बघत म्हणाले, "हसलो तर आमीच होतो, बापू."

सगळे गेल्यावर मोठेबाबांची बायको, माझी मोठीमाय, त्यांच्या रिकाम्या बाजेवर बसली होती. तिने मला जवळ बोलावलं. "काय सांगत होता तू? मले काही समजलं नाही." मी वहीचं पान फाडून नदी काढली, डोंगर काढला, वरचे गोटे काढले. ती कागदावर वाकली.

"अन् यात त्याईचा तंबू कुठं?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. तिने नदीच्या काठावर एका जागी बोट ठेवलं. "इथं असन," म्हणाली... आणि बराच वेळ ते उचललं नाही.