पहिल्या सिलिंडरवरचा अंगठा

माझी पोस्टिंग वाळवंटातल्या एका छोट्या धावपट्टीवर होती. मी एअरफोर्समध्ये कॉर्पोरल, इंजिन फिटर. आमच्याकडे विमान एकच, दोन माणसांचं, पुढं एक पंखा. लढाऊ विमानांवर काम करणारे त्याला फटफटी म्हणायचे. आम्हांला राग यायचा, पण काम फटफटीचंच होतं. टपाल न्यायचं, औषधं पोचवायची, वाळूत कोणी हरवलं तर शोधायचं.

माझे वरिष्ठ सार्जंट कवडे. मी भूमचा, ते तेरखेड्याचे. घरापासून इतक्या लांब आपल्या जिल्ह्याचा माणूस भेटला की तो नातेवाईकच होतो. ड्युटीवर मी त्यांना सर म्हणायचो, ड्युटी संपली की दादा. लहानपणी गावात फटाक्यांच्या दारूनं त्यांचा उजवा अंगठा भाजला होता आणि त्याला काहीच जाणवायचं नाही. "दारूनं शिकिवलं लई, पर फी बी तेवढीच घेतली," असं म्हणून ते तो अंगठा दाखवायचे.

आमच्याकडे प्रत्येक कामाखाली दोन सह्या लागत. एक करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. शिवाय कुठल्याही पुस्तकात नसलेली एक रीत होती. इंजिन उघडलं की नंतरच्या पहिल्या उड्डाणात नट आवळणाऱ्यानंच पायलटबरोबर बसायचं. दादा म्हणायचे, "सोता बसायचं म्हनलं की पाना नीट फिरतो."

त्या दिवशी मी इंजिनाचं पुढचं ऑइल सील बदललं. त्यासाठी पंखा आणि त्यामागचं फ्लायव्हील, म्हणजे स्टार्टर ज्याला फिरवतो ते दातेरी चाक, उतरवावं लागतं. काम संपत आलं आणि वाळूचं वादळ उठलं. इंजिन चालवून पाहायचं राहून गेलं. मी सही केली. दादांनी माझ्याकडं पाहिलं, वादळाकडं पाहिलं आणि न तपासता सही केली. माझ्यावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वायरलेस आला. लष्कराची एक जीप रात्रीपासून बेपत्ता. पाच जवान. पाणी कालचं. दिवस मे महिन्याचे.

१०:२० ला साहेबांनी, म्हणजे आमच्या पायलटनी, स्टार्टर दाबला. पंखा अर्धा फिरला, फाडकन आवाज झाला आणि तो उलटा झटकला. स्टार्टरचे दाते तुटले.

"स्टार्टर जुना आहे, बदला," साहेब म्हणाले.

बदलला. नव्याचेही दाते गेले. मग आम्ही बॅटरी पाहिली, वायरी पाहिल्या. १२:३० वाजले. साहेब घड्याळाकडं बघत होते. दादा मात्र खाली बसून फ्लायव्हीलच्या कडेचे खरवडलेले दाते पाहत होते.

"स्टार्टर गरीब हाय. मार त्यो खातोय, चोर दुसराच हाय," ते म्हणाले. "ह्यो आवाज माज्या वळखीचा हाय. वात आखूड पडली की असाच बार व्हतो, हात काढायच्या आधी. ठिणगी लवकर पडतीया, पिस्टन वर पोचायच्या आदी. पयल्या सिलिंडरचा प्लग काढ आन भोकावर अंगठा ठेव. माजा अंगठा मुका हाय, तुजाच पायजे."

मी अंगठा ठेवला. दादांनी पंखा हातानं हळूहळू फिरवला. आतली हवा अंगठ्याला ढकलू लागली, म्हणजे पिस्टन वर येत होता. मग भोकात काडी सोडून तो अगदी वर कधी पोचतो ते मी पाहिलं. त्या क्षणी फ्लायव्हीलवरची खूण समोर यायला हवी होती. ती तिथं नव्हतीच. मी फ्लायव्हील बोल्टचं एक भोक सरकवून बसवलं होतं आणि त्याच खोट्या खुणेवर मॅग्नेटोची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्राची, वेळ लावली होती.

मी काडी खाली ठेवली.

"दादा, चूक माझी आहे."

"कळलं. सही मीबी केलीया. आता हात चालीव."

पंखा उतरवला, फ्लायव्हील जागेवर बसवलं, ठिणगी पुन्हा लावली. एकेक नट मीच आवळला. १४:३५ ला इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. मी हेल्मेट घेतलं, कारण सीट माझी होती. दादांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"सर, नट मी आवळलेत."

"काल तपासायचं काम माजं व्हतं. पाण्याचे दोन कॅन दे."

१५:३० ला जीप सापडली. जमीन टणक होती, साहेबांनी विमान उतरवलं. एका जवानाची शुद्ध हरपली होती. परतीला सीट एकच. दादा खाली राहिले आणि तो जवान त्यांच्या जागी आला. साहेब १६:२५ ला परतले आणि मला म्हणाले, "कवड्यांचा निरोप आहे. कॉर्पोरलला सांगा, इंजिन झ्याक वाजतंय. आता जेवून घे म्हणावं."

मी खरंच जेवलो. ते जेवण मला अजून माफ करता आलेलं नाही.

ट्रक वायरलेसवर जागा कळताच निघाले होते. १७:१० ला पुन्हा वादळ उठलं, विमानाला परत उडता आलं नाही आणि ट्रक वाटेत अडकले. दुसऱ्या दिवशी अकराला पोचले तेव्हा चारही जवान जिवंत होते. दादा नव्हते. जवानांनी सांगितलं, सार्जंट प्रत्येक वेळी कॅन पुढं करायचे आणि म्हणायचे, मी आत्ताच पिऊन आलोय.

विमान १०:२० ला उडालं असतं तर ट्रक वादळाआधीच पोचले असते. चौकशीत मी हे जसंच्या तसं सांगितलं. मला ताकीद मिळाली. त्याहून मोठी शिक्षा हवी होती, पण शिक्षा काही मागून मिळत नाही.

सुट्टीवर आलो तो आधी तेरखेड्याला, दादांच्या घरी गेलो. वहिनी ओसरीवर बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, फ्लायव्हीलसकट.

"भावजी, मला इंजनातलं कळत न्हाय. एकच सांगा. शेवटाला त्ये सुरू झालं का न्हाय?"

"झालं, वहिनी. पहिल्याच झटक्यात."

"त्यांनी ऐकलं?"

"ऐकलं. ते आतच बसले होते."

"मंग बरं," त्या म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला.

आता भूममध्ये माझं ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. शेतकरी येतात आणि स्टार्टरबद्दल म्हणतात, "सेल्फ गेलाय, बदलून टाका." मी आधी फ्लायव्हीलचे दाते पाहतो. लोक कंटाळतात. म्हातारा लई चिकित्सक हाय म्हणतात, म्हणोत. कामाच्या वहीत मी अजूनही दोन सह्यांच्या जागा आखतो. पहिल्या जागी मी सही करतो. ट्रॅक्टर सुरू झाला की वही उजवीकडं सरकवतो. दादा नेहमी त्याच बाजूला उभे असायचे.