आबांनी बुजवलेलं दारं

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. माझ्या बाकीच्या सगळ्या भानगडी तिला ठाऊक आहेत, लपवून खाल्लेल्या पेढ्यांसकट. ही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आमच्या गावचे नाही — एवढंच कारण असेल.

चाळिशी उलटली आणि मला साखर निघाली. उसाच्या पट्ट्यात जन्म काढायचा आणि साखरेची गोळी खायची! साखर कारखान्यावरचे, भवानीनगरचे माझे पाहुणे त्यावरून अजून हसतात. डॉक्टर म्हणाले, चाला. पण आमच्याकडं रिकामे हात हलवत बांधानं चालणारा माणूस येडा ठरतो. म्हणून सायकल घेतली. जाड टायरची, गिअरची. वर्षभर माळावर आणि कॅनॉलच्या भरावावर एकटाच हाणली. मग पिंपळीच्या माळावर हौशी लोकांची शर्यत ठरली तेव्हा नाव दिलं. माळ, ओढा, पाणंद असा मोठा गोल, आणि तो दोनदा मारायचा. पाणंद म्हणजे बैलगाडीची वाट, ती आमच्या उसाच्या कडेनं जाते.

हौसेच्या शर्यतीत काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. पण पहिल्याच चढावर कॉलेजची पोरं पुढं गेली, बायका पुढं गेल्या, आणि माझ्यापेक्षा जास्त पोट सुटलेला इंदापूरचा एक मास्तर पुढं गेला. जाता जाता म्हणाला, "दमानं या, काका." माझ्याच वयाचा माणूस. चांगल्या मनानंच म्हणाला असेल. मला ते झोंबलं, हे खरं आहे. पण पुढं जे केलं ते झोंबलं म्हणून केलं का? माहीत नाही.

आधी आबांचं सांगायला हवं. आबा म्हणजे माझे चुलते. वडील गेल्यावर आमच्या रानाचं पाणी त्यांनीच बघितलं. उसाला दारं धरायचं, म्हणजे पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत वळवत राहायचं. सरीच्या तोंडाचं एक दारं मोडायचं, दुसरं बुजवायचं. आबांनी बुजवलेलं दारं फुटलं, असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. शेजारपाजारचे लोक स्वतःच्या पाण्याच्या पाळीला त्यांना बोलावून न्यायचे.

शर्यतीच्या दिवशी नेमकी आमची पाळी आली. पाळी सोडता येत नाही, गेली की गेली. पाट पाणंदीला लागूनच आहे आणि एका जागी त्याची कड कच्ची आहे. शर्यतीतली माणसं घसरून पडतील म्हणून आबांनी सकाळीच तिथं बारदानाचा बोळा कोंबला होता आणि वर माती थापली होती. मी शेजारी उभा होतो. मी बघितलं होतं.

आता सांगतो.

पहिल्या फेरीत मी तिथं पोचलो तेव्हा मागं कुणी दिसत नव्हतं. आबा उसात आत गेले होते, सऱ्या टोकापर्यंत भरल्या का बघायला. मी उतरलो. टाचेनं माती उकरली. बोळा ओढून पाणंदीकडेच्या, जनावरांच्या घासाच्या वाफ्यात टाकला. पाणी पाणंदीत यायला लागलं आणि मी परत सायकलवर बसलो. छाती धडधडली असेल, भीती वाटली असेल — असं तुम्हाला वाटतंय ना? काही नाही. नळ सोडावा तसं वाटलं.

काळं रान ओलं झालं की चाकात भरतं, ब्रेकमध्ये भरतं, सायकल जागची हलत नाही. दुसऱ्या फेरीला पुढचे बरेच जण तिथं रुतले. मी सायकल खांद्यावर घेऊन घासातून पलीकडं गेलो. मास्तर रुतला नाही, तो वेगात होता. पडला. खांद्याचं हाड मोडलं. मी त्याच्या शेजारूनच गेलो. थांबलो नाही.

मोठ्यांच्या गटात तिसरा आलो. गळ्यात पदक घालून पाणंदीवर परत आलो तेव्हा मास्तरला बारामतीला नेलं होतं आणि लोक आबांना बोलत होते. दारं धरता धरता म्हाताऱ्याला डुलकी लागली म्हणे. आबा चिखलात खोऱ्यानं बोळा हुडकत होते. तो माझ्या पायाशी घासात पडला होता. मी त्याच्यावर पाय ठेवला.

"म्या बुजवलं व्हतं," आबा मला म्हणाले. "बारदान कोंबलं व्हतं. तू हितंच व्हतास. व्हय का न्हाय?"

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "न्हाय आबा. ऱ्हायलं आसंल. वय झालं आता तुमचं."

मायेनं म्हणालो. आवाज अजून आठवतो.

पाणी सोडलं, मास्तर पडला, हे सगळं खरंच. पण मास्तरचं हाड जुळलं, तो अजून सायकल चालवतो. आबा त्याच्या घरी केळी घेऊन गेले होते, हात जोडून माफी मागायला. गाडीवर मीच नेलं. मीही तिथं चहा प्यालो.

त्यानंतर आबांनी खोरं हातात धरलं नाही. कडी लावली का, मोटार बंद केली का, गोळी घेतली का, दहादा विचारतात. बारामतीच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, आबांचं डोकं ठणठणीत आहे. आबा वाटेत म्हणाले, "डाक्टरला काय ठावं? तू तर डोळ्यानं बगितलंय."

परवा माझी लेक तान्ह्या बाळाला घेऊन माहेरी आली. बाळाला आबांच्या मांडीवर ठेवायला गेली, तर त्यांनी दोन्ही हात मागं घेतले. "माज्याकडं नगं देऊ, बाई. माजा मलाच भरवसा न्हाय."

लेक माझ्याकडं बघायला लागली. घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी बाळाला तिच्याकडून घेतलं आणि म्हणालो, "बरोबर हाय त्यांचं."