चरोद्यातले अमेरिकन खून

“दुसऱ्या बाजूनं आला का?”

हा काकाजींचा प्रश्न. समोरच्यानं काहीही सांगो, लग्न ठरलं, कूलर बिघडला, साहेब रागावला. काकाजी उकिडवे बसलेले, मान जराशी तिरकी, एक कान पुढे, आणि ऐकून झालं की हा प्रश्न. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला नुसती बातमी पुरत नाही. आमच्या भिलाईजवळच्या चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत हे होते.

सवय नोकरीतली. काकाजी मालगाड्यांचे डबे तपासायचे. यार्डात गाडी शिरू लागली की रुळाशेजारी उकिडवं बसायचं, चाकांचा आवाज ऐकायचा. गाडी थांबली की एका बाजूनं शेवटपर्यंत चालत जायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत यायचं. जाताना अठ्ठावन्न डबे, येताना तेच अठ्ठावन्न. एकाच बाजूनं बघून ‘फिट’ लिहिणाऱ्याला ते माणसात धरत नसत. मी त्याच यार्डाच्या ऑफिसात बाबू. म्हणजे पंख्याखाली बसून, दोन्ही बाजू बघितल्याची नोंद करणारा.

ते निवृत्त झाले आणि दर रविवारी सकाळी माझ्या क्वार्टरच्या ओट्यावर अमेरिकेतले खून सुरू झाले.

भिलाई-३ च्या एका रद्दीवाल्याकडून त्यांनी जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. कव्हर नव्हतं, त्यामुळे नाव काय ते आम्हाला कधी कळलं नाही. अमेरिकेनं एके काळी देशभर दारूबंदी केली होती. मग चोरून दारू विकणाऱ्यांच्या टोळ्या झाल्या आणि टोळ्यांनी एकमेकांची माणसं टिपली, त्याची ती हकिकत. शब्दकोश मांडीवर घेऊन काकाजी रोज दोन पानं वाचायचे. पण त्यातल्या बड्या डॉनची पानं आली की सरळ उलटून टाकायचे.

“कावून काकाजी? खरी मजा तर तिथंच आहे.”

“इंजिन सगळेच पाह्यते बाबू. मी जिंदगीभर डबे पाह्यले.”

त्यांचे डबे म्हणजे बिअरचा ट्रक हाकणारा, अड्ड्याच्या दारात उभा राहणारा, साहेबाचा निरोप पोचवणारा. ज्यांच्या मरण्याला पुस्तकातही पाव पानच मिळालं होतं असे. नावं ते घेत नसत. उच्चार चुकला तर मेलेल्याचा अपमान होईल म्हणायचे. आमच्यात ते ‘न्हाव्याकडचा’, ‘टेलिफोनवाला’, ‘फुलांचा’ अशा खुणांनी ओळखले जायचे, जसे काही मागच्या लाइनीत राहत होते.

न्हाव्याकडचा खुर्चीत बसला होता. तोंडाला फेस, एक गाल झालेला. दोघं आत आले, गोळ्या घातल्या, गेले. पुस्तक इथं थांबायचं. काकाजी मात्र थांबायचे नाहीत.

“आता सांग, उरलेली दाढी कोणं केली?”

“मेलेल्या माणसाची दाढी, काकाजी?”

“मंग घरी तसाच नेला? बायकोनं अर्ध्या दाढीचा पाह्यला त्याले?”

मी खो खो हसलो. पुढचे चार दिवस मात्र सकाळी एक गाल झाला की आरशासमोर माझा हात थांबायचा.

टेलिफोनवाल्याला एका दुकानात फोन आला म्हणून बोलावलं आणि फोन कानाला असतानाच मारलं. काकाजी म्हणायचे, “पलीकडून जो बोलून राहिला होता, तो वळखीचाच असन. नाहीतर हा गेला कावून असता?” ‘फुलांच्या’च्या अंत्ययात्रेत सगळ्यांत मोठा हार मारणाऱ्यांनीच पाठवला होता. “त्याच्या मायनं तो हार ठेवला का फेकला?” मी म्हणायचो, फेकला असेल. ते मान हलवायचे. “माहीत नाही म्हण. लिवलं नाही, तं माहीत नाही.”

‘माहीत नाही’ हे शब्द इतक्या अब्रूनं उच्चारणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. माझ्या तोंडून ते निघतच नाहीत. मला सगळं माहीत असतं, आणि नसलं तर मी ते जागच्या जागी तयार करतो.

शिवाय मला ऐकलेलं पोटात ठेवता येत नाही. आमच्या साहेबांच्या निरोप समारंभात मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी रंगात येऊन सांगितलं की अमेरिकेतल्या एका टोळीनं आपल्याच माणसांना सन्मानाचं जेवण दिलं, कौतुकाची भाषणं केली, आणि जेवण आटोपल्यावर तिथंच संपवलं. साहेबांच्या गळ्यात हार होता, हातात गुलाबजाम. त्यांनी तो हळूच वाटीत परत ठेवला.

एवढ्यानं शहाणा झालो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती.

आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका निघायची होती आणि संपादक मी. मला वाटलं, अमेरिका किती दिवस पुरवणार? आपल्याकडचा एखादा गँगस्टर पाहिजे. आणि आपल्याकडे एक होताही, निदान मी तसं ठरवलं.

रेल्वे फाटकाजवळ एक ताई शिवणकाम करतात. माझ्या बायकोचे सगळे ब्लाउज त्यांच्याकडचे. त्यांचा नवरा एका दारूच्या ठेकेदाराचा टेम्पो चालवायचा आणि बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या ठेकेदाराच्या माणसांनी त्याला मारलं होतं. पानठेल्यावर या गोष्टीचे पाच-सहा प्रकार मिळायचे. मी त्यातले सगळ्यांत चटकदार उचलले, त्यात न्हाव्याकडच्याचा थोडा फेस मिसळला आणि ‘टेम्पो बादशहा’ उभा केला. टोळीचा म्होरक्या, बोटात चार अंगठ्या, आणि शेवटी एका हातानं लुंगी सावरत पळताना मारला गेलेला. नाव छापलं नाही, केवढी ही माझी माणुसकी! फाटक छापलं, टेम्पोचा रंग छापला, शिलाई मशीनसुद्धा छापली.

छपाईला देण्याआधी काकाजींना वाचून दाखवलं.

“दुसऱ्या बाजूनं आला का?”

“आलो ना,” मी म्हणालो.

त्यांनी विश्वास ठेवला आणि उठून गेले.

छापलेले गठ्ठे घरी आले तेव्हा बायकोनं वरची प्रत उघडली. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं दुधात पडलेल्या पालीकडे बघतात.

“ताईच्या पोरीची सोयरीक झाली, माहीत आहे ना तुमाले? दुर्गच्या पद्मनाभपुरात? पंधरा दिवसांनी विहारात साखरपुडा आहे!”

“पण मी नाव कुठं...”

“नाव कायले पाहिजे? आंधळाही ओळखीन. ताईनं त्या लोकाईले सांगितलं का मालक ड्रायवर होते. आता हे वाचून ते काय म्हणतीन? का बाई खोटी आहे, गुंडाची पोरगी आमच्या गळ्यात मारून राहिली. तुमची ती गँग अमेरिकेतच बरी होती!”

मी लगेच मंडळाच्या सेक्रेटरीला फोन केला की एकही प्रत वाटू नका. तो म्हणाला, “प्रेसवरून आणलेली एकच दिली. पद्मनाभपूरचे ते पाहुणे काल भेटले होते, म्हटलं, तुमचे होणारे सोयरे आमच्याच चरोद्याचे, घ्या वाचायला.”

मी तसाच काकाजींकडे पळालो. माझ्याजवळ उपायही तयार होता, जागच्या जागी बनवलेला, मघा सांगितलंच. “काकाजी, मी आत्ताच्या आत्ता मुलाच्या वडिलांकडे जातो. म्हणतो, सगळं खोटं आहे, ताईंचे मालक तापानं गेले. कोणी मारलंच नाही. विषय संपला.”

काकाजी भाजी निवडत होते. मेथीची जुडी खाली ठेवली.

“ताईनं त्याईले काय सांगितलं आहे, थे माहीत आहे का तुले?”

“ड्रायव्हर होते म्हणून.”

“आन मेला कसा, थे?”

ते मी विचारलंच नव्हतं.

“तिनं खरं सांगितलं असन, आन तू जाऊन ताप सांगशीन, तं खोटी कोण ठरली? अजून एक गोष्ट बनवून नको नेऊ बापा. जिचा माणूस होता तिले पुस आधी.” मग चप्पल घालता घालता म्हणाले, “मले सांगितलं होतं तू, का दुसऱ्या बाजूनं आलो म्हणून.” एवढंच. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ताईंनी ते पान वाचलेलं होतं, माझ्या बायकोनं तोवर प्रत नेऊन दिली होती. मशीनवर हात ठेवून बसल्या होत्या, मशीन बंद. मुलगी आतल्या खोलीत. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच विचारलं.

“भाऊ, लुंगी कुठून आणली तुम्ही?”

लुंगी तर पानठेल्यावरचीही नव्हती.

“त्याईनं जन्मात लुंगी नाही नेसली. पँट होती. मी शिवलेली. शर्टही मीच शिवला होता.” त्यांचा आवाज चढला नाही. “आन ते पळाले नाही जी. त्या रोजी टेम्पोची चाबी वापस द्यायले गेलते. हे काम सोडतो म्हणे, स्टील प्लांटमंधी ठेकेदारीत लागतो. ज्याले मारायचं होतं तो ठेकेदार कधीच पळाला होता. हे चाबी घेऊन उभे होते. कोणाच्या हाती द्यावं म्हणून.”

काकाजी दारात उकिडवे बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, “बाई, तिकडच्याईले काय सांगितलं?”

“हेच. पहिल्याच दिवशी. मी म्हटलं, पोरीले काही लपवून नाही देत.” आणि माझ्याकडे बघून, “आता तुमचं छापलेलं खरं, का माह्या तोंडचं? लोक छापलेलंच मानतात, भाऊ.”

मी म्हणालो, मी जातो आणि सांगतो. काकाजी बरोबर येतील.

“काकाजी कायले? लिवलं तुम्ही.”

तरी काकाजी आले. भिलाई-३ हून लोकल धरली. दुर्गपर्यंत मी तीन प्रकारे सुरुवात करून बघितली, एकात थोडा विनोदही होता. काकाजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, “एकच वाक्य सांग. थे पह्यले सांग.” पद्मनाभपुरात ते फाटकाबाहेर थांबले, मी एकटा आत गेलो.

मुलाचे वडील प्लांटमधून निवृत्त झालेले, जाड काचांचा चष्मा. स्मरणिका टेबलावरच होती, आणि मधे घातलेली काडी नेमक्या माझ्या पानावर. मी बसलोसुद्धा नाही.

“हे मी लिहिलं आहे आणि हे खोटं आहे.”

“किती खोटं?”

“टेम्पो खरा आहे. माणूस मारला गेला हे खरं आहे. बाकी सगळं मी पानठेल्यावरून आणलं, काही घरी बनवलं.”

“मंग खरं काय?”

ताईंनी सांगितलं होतं तसंच सांगितलं. चावीपाशी आलो आणि तिथंच थांबलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट तिच्या लांबीची सांगितली होती, एक इंच जास्त नाही.

त्यांनी चष्मा काढला. “चाबीचं तिनंही सांगितलं होतं. आमच्या घरात कालपासून याच्यावरूनच कडाकडी चालू आहे. मी म्हणत होतो, ती बाई खोटं बोलणारी नाही.” मग आतल्या दिशेनं जोरात, “ऐकलं का? लिहिणाराच येऊन सांगून राहिला!” आणि मला, “ते पान फाडा. तुमच्याच हातानं.”

मी फाडलं. चहाही प्यायलो, कारण दिला.

विचार करा, काकाजी त्या दिवशी भाजी निवडत नसते आणि मी माझा ‘ताप’ घेऊन तिथं पोचलो असतो, तर? एका बाईनं खरं बोलून कमावलेलं सगळं मी उपकार म्हणून बुडवून आलो असतो, आणि घरी येऊन पाठ थोपटून घेतली असती. हे ऋण मी फेडलेलं नाही. फेडायचं कसं तेही माहीत नाही. बघा, आता म्हणता येतं मला.

पुढचे दोन दिवस आम्ही दोघं पोलादी पट्टी घेऊन प्रत्येक प्रतीतून ते पान कापत बसलो. कापून झाल्यावर काकाजींनी गठ्ठा उलटा करून सगळ्या प्रती पुन्हा तपासल्या. मी सोडलेल्या तीन निघाल्या.

साखरपुडा झाला, उन्हाळ्यात लग्नही झालं. काकाजी मागच्या थंडीत गेले, सकाळी, चहा होता होता. पेपरात एक ओळ आली, ‘सेवानिवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचे निधन’, आणि त्या ओळीतही वय चुकलेलं. मंडळानं मला त्यांच्यावर लिहायला सांगितलं. हे सगळं लिहून झाल्यावर कागद घेऊन मी आधी फाटकाजवळ गेलो.

ताईंनी मशीन थांबवलं. तोंडात टाचणी धरून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं. ‘दुधात पडलेली पाल’ इथं माझ्याकडे एकदा बघितलं. कागद परत दिले.

“लग्नातलं नाही लिवलं तुम्ही.”

“लग्नातलं काय?”

“वरातीतल्या एका म्हाताऱ्यानं काकाजीले इचारलं होतं, का तुम्ही कोणाकडून जी, म्हणून. तुमाले कुठून दिसन, तुम्ही पंगतीत होते, जिलेबी मागून राहिले होते.”

“मग? काय म्हणाले?”

ताईंनी तोंडातली टाचणी काढली.

“म्हणे, मी पोरीच्या बापाकडून.”